देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. पण ती काठी उठते तरी का?

माणदेशी_लेक | रविवार, रात्री १०.४०

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज गावाहून परत आले. आता लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. २००९ साली निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी आणि फंड मिळून सहा लाख चाळीस हजार रुपये त्यांनी तालुक्याच्या एका पतसंस्थेत ठेवले. बँकेपेक्षा व्याज दोन टक्के जास्त होतं, पण खरं कारण ते नव्हतं. चेअरमन वडिलांचा विद्यार्थी, चौथीला त्यांच्याच हाताखाली शिकलेला. घरी येऊन पाया पडून ठेव घेऊन गेला.

२०१३ मध्ये एका सोमवारी संस्थेचं शटर उघडलंच नाही. संचालकांनी नातेवाइकांच्या नावावर, तारण न घेता कर्जं उचलल्याचं मागाहून कळलं. संस्था गुंडाळायला अवसायक नेमला, याद्या झाल्या, अर्ज झाले. आजपर्यंत हातात आले पस्तीस हजार. २०२१ मध्ये वडील गेले. शेवटची दोन वर्षं डायलिसिस चालू होतं. त्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या आणि रानातला दीड एकराचा तुकडा गेला.

चेअरमन एक रात्रसुद्धा कोठडीत गेला नाही. आता त्याचं मंगल कार्यालय आहे, पेट्रोल पंप आहे. यंदा गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात काल्याचा महाप्रसाद त्याच्याकडून होता. पहिल्या रांगेत बसला होता, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. कीर्तनकार बुवांनी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मग तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली ती गोष्ट सांगितली आणि म्हणाले, जुनी देणी-घेणी मनातून सोडा, विठ्ठल भरून देईल. आई माझ्या शेजारी बसली होती. तिने पदर डोळ्याला लावला. मी उठून बाहेर आले.

वडील महिन्याचे वारकरी. आमच्या गावापासून पंढरपूर जवळ, आजारपणाने अंथरूण धरेपर्यंत शुद्ध एकादशी त्यांनी कधी चुकवली नाही. पैसे बुडाल्यावरही नाही. त्या माणसाला त्यांनी कधी शिव्याशाप दिला नाही आणि विठोबालाही बोल लावल्याचं मी ऐकलं नाही. मला त्यांचा विश्वास कळत नाही. तो भाबडेपणा होता असंही म्हणवत नाही, कारण ते भाबडे नव्हते. गणिताचे मास्तर होते.

ज्यांच्यावर असा अन्याय झाला आणि ज्यांनी तरीही देव धरून ठेवला, किंवा सोडून दिला, त्यांनी लिहा. ‘कर्माची फळं मिळतातच’ एवढंच लिहायचं असेल तर कृपा करून नका लिहू. ते दहा वर्षं ऐकते आहे.

---

शेवंता | रविवार, रात्री ११.०५

ताई, वाचून गलबलून आलं. पण धीर सोडू नका. पापाचा घडा भरायला वेळ लागतो. आमच्या आळीत एकाने सख्ख्या भावाची जमीन लाटली होती. वीस वर्षं मजेत राहिला आणि शेवटी अर्धांगवायूने तीन वर्षं अंथरुणात खितपत पडला. सगळ्या गावाने पाहिलं.

---

माणदेशी_लेक | रविवार, रात्री ११.२०

शेवंता, तुम्ही मायेने लिहिलंत ते कळतं. पण माझ्या वडिलांच्याही दोन्ही किडन्या गेल्या. तेही दोन वर्षं खितपत पडले. त्या माणसाचा अर्धांगवायू जर देवाची काठी असेल, तर माझ्या वडिलांचं आजारपण काय होतं? गावातला कुणी त्यांच्याकडे बघून म्हणालाच असेल की मास्तरांनी काहीतरी केलं असणार. मला त्या हिशेबात शिरायचंच नाही.

---

शेवंता | रविवार, रात्री ११.३१

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. माफ करा.

---

आबा_दौंडकर | सोमवार, पहाटे ५.१५

लेकी, मी ७४ वर्षांचा आहे. माळ घालून पन्नास वर्षं झाली. बुवांनी चेअरमनचा सत्कार केला ते चुकलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तुकोबांची गोष्ट खोटी नाही. दुष्काळात त्यांचं सगळं गेलं. ‘दुष्काळे आटिले द्रव्य नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली’ हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय. थोरली बायको गेली, मुलगा गेला. त्यानंतर घरातली खतं काढून निम्मी भाऊ कान्होबाला दिली आणि निम्मी डोहात सोडली. सोडल्याशिवाय मन मोकळं होत नाही. तुझ्या वडिलांनी मनातून सोडलं असेल म्हणून ते शांत राहिले, असं मला वाटतं.

---

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ९.५०

आबा, आपल्याबद्दल आदर ठेवून लिहितो. तुकोबांनी बुडवली ती खतं कुणाची होती? महाजनकीचं घर त्यांचं, सावकारी त्यांची. गरीब कुणबी त्यांना देणं लागत होते. दुष्काळात त्या लोकांकडे काय उरलं असेल हे त्यांनी घरातल्याच मरणावरून ओळखलं आणि आपलं येणं बुडवलं. बळकटाने दुबळ्यावरचा हक्क सोडला, अशी ती गोष्ट आहे. माणदेशी ताईंच्या गावात तीच गोष्ट उलटी करून सांगितली गेली. बुडवणाऱ्याला पहिल्या रांगेत बसवून बुडालेल्यांना म्हटलं, तुम्ही सोडा. तुकोबांनी ऋणकोला पाण्यातून बाहेर काढलं, इथे ठेवीदारालाच पाण्यात लोटलं. ताई, तुम्ही उठून बाहेर आलात यात मला कसलाही अभक्तपणा दिसत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

तुमचं गाव पंढरपूरजवळचं, म्हणजे महाद्वारासमोरची, नामदेव पायरीजवळची चोखोबांची समाधी तुम्ही लहानपणापासून पाहिली असणार. त्यांचा एक अभंग आपण सगळे चालीवर म्हणतो आणि पुढे जातो. ‘धाव घाली विठू आता चालू नको मंद, बडवे मज मारिती ऐसा काही तरी अपराध.’ प्रसंग काय आहे? विठोबाच्या गळ्यातला हार चोखोबांच्या गळ्यात सापडला. देव बाटला म्हणून बडवे, म्हणजे देवळाचे पुजारी, त्यांना मारताहेत. आणि मार खाणारा माणूस देवाला सांगतो की तू हळू चालतो आहेस, पाय उचल. पुढची ओळ तर मला कितीतरी दिवस पुढे वाचू देईना. ‘अहो चक्रपाणी तुम्ही आहां जिमेदारा.’ स्तोत्रातला शब्द नाही हा, कचेरीतला आहे. जबाबदारी तुमची, असं तोंडावर सांगितलंय. शेवटी हात जोडून म्हणतात, उलट बोललो, राग धरू नका. पण बोललेलं मागे घेत नाहीत.

बडव्यांना शासन कर, हे या अभंगात कुठेही नाही. धाव घाल, एवढंच आहे. मला वाटतं चोखोबांच्या लेखी देवावर भरवसा म्हणजे ‘मारणाऱ्याला कधीतरी मिळेल’ असा भरवसा नव्हताच. ज्याच्यावर हक्क आहे त्यालाच माणूस ‘उशीर का केलास’ म्हणून विचारतो. परक्याला कोण विचारतं?

आणि मारणाऱ्यांना काही मिळालं का? तसं कुठे कुणी सांगत नाही. चोखोबांचं काय झालं ते मात्र माहीत आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर तेही गेले. साल १३३८. नामदेवरायांनी ढिगाऱ्यातून अस्थी वेचून आणल्या. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची, असं आपली परंपरा सांगते. देवळाच्या आत नाही, दारासमोर पुरल्या.

---

वाटसरू_सांगली | सोमवार, सकाळी १०.०२

‘जिमेदार’ या शब्दाकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. धन्यवाद.

---

निळी_पहाट | सोमवार, दुपारी १.३०

गोदाकाठ, चांगलं लिहिलंत, पण तुम्ही चोखोबांच्या दारातून परत आलात. घरात जा. घरात सोयराबाई आहेत, मेहुणा बंका आहे, बहीण निर्मळा आहे आणि मुलगा कर्ममेळा आहे. मुलाचा अभंग वाचा:

आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥

बाप म्हणतो राग नसावा. मुलगा म्हणतो तुला लाज कशी वाटत नाही. शेवटी विचारतो, ‘कासया जन्म दिला मला’. बापाची समजूत मुलाला पुरली नाही.

आम्ही त्या मुलाच्या बाजूचे. माझे पणजोबा नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. २ मार्च १९३० ला सुरू झाला तो सत्याग्रह. लोक लाठ्या-दगड झेलत वर्षानुवर्षं जात राहिले, दार उघडलं नाही. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. १९५६ ला आमचं घर नागपूरला धम्मदीक्षेला गेलं. घरातले देव पणजीने नदीत सोडले. ती रडली, असं आजी सांगायची. त्यानंतर आमच्या घरात कुणी देवाची वाट पाहिली नाही. शाळेची पाहिली, वसतिगृहाची पाहिली, शिष्यवृत्तीच्या मनिऑर्डरची पाहिली.

ताई, ‘सोडून दिला त्यांनीही लिहा’ असं तुम्ही म्हणालात म्हणून लिहितोय. देव सोडल्यावर आमच्यातला न्याय-अन्यायाचा फरक पुसला गेला नाही. उलट आता भरपाई करणारा दुसरा कुणी नाही म्हटल्यावर तो फरक जास्त टोचतो. आणि एक गोष्ट विसरता येत नाही. देव सोडलेल्या बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा इंग्रजी ग्रंथ अर्पण केला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघा संतांना. चोखोबांना त्यांनी सोडलं नाही.

---

आबा_दौंडकर | सोमवार, सायंकाळी ६.४०

दिवसभर हे सगळं नातवाकडून वाचून घेतलं. तुकोबांच्या खतांबद्दल गोदाकाठ म्हणतात ते खरं आहे. मी ती गोष्ट आयुष्यभर सांगितली. ऐकणारा देणेकरी आहे की घेणेकरी, याचा विचार कधी केला नाही. लेकी, माझं पहिलं उत्तर मागे घेतो.

पण निळी_पहाट यांना एक सांगावंसं वाटतं. चोखोबांची हाक अगदीच वाया गेली नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले आणि विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडलं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण माझे वडील सांगत, त्या दिवसांत देवाचं तेज काढून घागरीत ठेवल्याची वार्ता उठली होती. लोकांनी किती विरोध केला असेल बघा. मग १९७३ चा मंदिर कायदा आला, चाळीस वर्षं कोर्टात चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपल्याचा निकाल दिला. आजच्या त्या घरांतल्या लोकांवर मी बोट ठेवत नाही, चोखोबांना मारणारे हे नव्हेत. पण ज्या अधिकाराने मारलं तो अधिकार संपला. देवाच्या घरी उशीर झाला, पण झालं.

---

निळी_पहाट | सोमवार, रात्री ८.१५

आबा, आपण आपलं उत्तर मागे घेतलंत, एवढं मोकळं मन मी फार कमी पाहिलं आहे. म्हणून जपून विचारतो. १३३८ ते १९४७ ही सहाशे नऊ वर्षं झाली. २०१४ पर्यंत मोजली तर सहाशे शहात्तर. त्या निकालाने चोखोबांच्या पाठीवरचे वळ बुजले का? कर्ममेळ्याचं उष्टं खाणं भरून निघालं का? ज्याच्यावर अन्याय झाला तो न्याय बघायला नसेल तर तो न्याय कुणाचा? आणि दार देवाने उघडलं की उपाशी बसलेल्या एका माणसाने?

---

आबा_दौंडकर | सोमवार, रात्री ९.३०

नाही बुजले. याला माझ्याकडे उत्तर नाही. शोधून पाहिलं.

उपाशी बसलेल्या माणसाच्या पोटात कोण होतं ते मी माझ्यापुरतं जाणतो. ते तुम्हाला पटावं असा आग्रह नाही.

---

नगरची_सून | मंगळवार, सकाळी ७.२०

आम्ही ख्रिस्ती, माहेर राहुरीकडचं, सासर नगरचं. माझ्या सासऱ्यांचेही पैसे एका पतसंस्थेत अडकले, रक्कम तुमच्याएवढी मोठी नव्हती. त्या वर्षी आमच्या पाळकांनी उपदेशाला स्तोत्र ७३ घेतलं होतं. आसाफाचं स्तोत्र आहे. तो स्पष्ट सांगतो की माझे पाय निसटण्याच्या बेतात होते, कारण दुष्टांची भरभराट पाहून मला हेवा वाटला. त्यांचं शरीर धष्टपुष्ट, मरताना वेदना नाहीत, बोलणं गर्वाचं. मी मात्र मन उगाच शुद्ध ठेवलं, हात उगाच धुतले.

सतराव्या वचनात तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि मग त्याला त्यांचा शेवट कळतो. खरं सांगते, तिथे त्याला जे दिसलं ते मला अजून दिसलेलं नाही. सतराव्याला मी पोहोचले नाही. पण त्याआधीची सगळी वचनं उपासनेत मोठ्याने वाचली जातात, कुणी ती खोडली नाहीत, याचा मला फार आधार वाटला. सासरे ते स्तोत्र वाचताना सोळाव्यावर थांबायचे आणि थोड्या वेळाने पुस्तक मिटून ठेवायचे. रविवारी मात्र देवळात असायचे.

---

कृष्णाकाठची | मंगळवार, सकाळी ११.१०

मी कॉलेजात संस्कृत शिकवत होते. हा धागा वाचताना सारखी द्रौपदी डोळ्यांसमोर येते आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

वनपर्वातला प्रसंग आहे. पांडव द्वैतवनात आहेत. सभेत जे झालं ते होऊन गेलंय, दुर्योधन हस्तिनापुरात सुखाने राज्य करतोय. द्रौपदी युधिष्ठिराला म्हणते, तुम्ही भीमाला, अर्जुनाला, मला सोडाल पण धर्माला सोडणार नाही. आणि रक्षण केलेला धर्म माणसाचं रक्षण करतो असं मी थोरांकडून ऐकलंय, मग तो तुमचं रक्षण का करत नाही? मूल खेळण्यांशी खेळतं तसा हा विधाता माणसांशी खेळतो. पुढचा तिचा मुद्दा तर थक्क करणारा आहे. केलेलं कर्म कर्त्यालाच चिकटत असेल, तर हे सगळं करवणाऱ्या ईश्वरालाही त्याचं पाप लागलं पाहिजे. आणि लागत नसेल, तर जगात बळ हेच खरं कारण ठरतं, मग मला कीव येते ती दुबळ्यांची. शेवंतांना ताईंनी जे उत्तर दिलं ना, ते याच जातीचं आहे.

युधिष्ठिर तिला सांगतो की हे तू नास्तिकांसारखं बोलतेस. फळ मिळेल म्हणून मी धर्म पाळत नाही. द्यायला हवं म्हणून देतो, करायला हवं म्हणून करतो. धर्माचा जो व्यापार मांडतो तो धर्म जाणणाऱ्यांत हीन. ताई, तुमच्या वडिलांचं वागणं मला या उत्तरात दिसतं. पैसे बुडाले म्हणून एकादशी बंद केली असती, तर एकादशी हीसुद्धा एक ठेवच होती असं ठरलं असतं.

पण व्यासांनी इथे थांबून द्रौपदीला गप्प बसवलेलं नाही. ती म्हणते, मी धर्माची निंदा करत नाही, दुःखाने बोलते आहे. आणि मग ती प्रयत्नाबद्दल बोलू लागते. वडिलांकडे आलेल्या एका विद्वानाकडून ही नीती तिने लहानपणी, वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेली होती. शेतकरी नांगराने भुई फोडतो, बी पेरतो आणि गप्प बसतो. पुढे पाऊस हे कारण. पाऊस आला नाही तर शेतकऱ्याचा दोष नाही, त्याने आपलं केलं. पण नांगरलंच नाही तर? द्रौपदी युधिष्ठिराला उठवते आहे.

माणदेशातल्या माणसाला पाऊस न येणं मी काय समजावणार. वर्षभर मृगाची वाट पाहून आभाळ कोरडं गेल्यावरही पुढच्या वर्षी तिफण काढणारी माणसं तुमच्याच गावात आहेत.

मला युधिष्ठिराचं उत्तर मान्य आहे आणि द्रौपदीचंही. एक निवडावं असं मला या वयातही वाटत नाही.

---

जुना_सहकारी | मंगळवार, दुपारी ३.००

इथे मोठमोठ्या गोष्टी चालल्या आहेत, मी फक्त कामाचं लिहितो. सहकार खात्यात ३१ वर्षं होतो. अशा संस्थांच्या फायली हाताळल्या आहेत आणि काही फायली पुढे सरकल्या नाहीत याची बोचणी अजून आहे, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. त्यामुळे पैसे येणार ते कर्जदारांकडून आणि संचालकांकडूनच.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८३ खाली चौकशी होते आणि कलम ८८ खाली कोणत्या संचालकाने किती नुकसान केलं ते ठरवून त्याच्यावर रक्कम बसवतात. तुमच्या संस्थेत कलम ८८ चा अंतिम आदेश झाला का, हे आधी शोधा. माहितीच्या अधिकारात जिल्हा उपनिबंधक कार्यालयात अर्ज टाका आणि अहवालाची प्रत मागा. पुष्कळदा चौकशी होते, जबाबदारी निश्चित होते, आणि पुढे वसुली होतच नाही, कारण विचारणारा कुणी उरत नाही. थकीत कर्जांचे कलम १०१ चे वसुली दाखले निघाले का, कलम १५६ खाली जप्ती-लिलाव किती झाले, हेही विचारा.

दुसरं, ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा वेगळा कायदा आहे, सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. त्याखाली गुन्हा नोंदला तर सक्षम प्राधिकारी मालमत्ता जप्त करतो. ठेवीदारांच्या पैशांतून घेतलेली मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर फिरवलेली असेल तर त्यातही मार्ग आहे. मंगल कार्यालय कुणाच्या नावावर आहे आणि कधी झालं, त्याचा सातबारा नाहीतर मालमत्ता पत्रक काढा.

एकट्या जाऊ नका. यादीतले जेवढे ठेवीदार सापडतील तेवढे जमवा. वडील गेलेत, तेव्हा नामनिर्देशन कुणाच्या नावावर होतं ते पाहा, अवसायकाकडे वारसांचा दावा लेखी असू द्या.

फळाची खात्री मी देत नाही. दहा वर्षं उलटली म्हणून दार बंद झालं असं समजून घरी बसू नका, एवढंच सांगणं आहे.

---

शेवंता | मंगळवार, दुपारी ३.४०

हे सगळ्यात कामाचं. ताई, मी पुण्यातच असते. अर्ज टाइप करायला, फेऱ्या मारायला कुणी हवं असेल तर सांगा. मनापासून सांगते आहे.

---

वाटसरू_सांगली | मंगळवार, रात्री १०.१०

एक शंका. आपण पैसे आणि न्याय मागायला निघालो, तर तो देवावरचा अविश्वास होत नाही का? आमच्या घरी ‘त्याच्यावर सोपवलंय’ म्हणून भाऊबंदकीत कुणी कोर्टात गेलं नाही. जमीन गेली ती गेलीच.

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०.४५

वाटसरू, सोपवलंय म्हणणारा माणूस शांत झोपत असेल तर मी काही बोलणार नाही. पण पुष्कळ घरांत ‘त्याच्यावर सोपवलंय’ याचा अर्थ ‘आम्ही घाबरलो’ असा असतो. आमच्याही घरी तसाच होता. काकांना गावात राहायचं होतं आणि समोरच्याशी वैर परवडत नव्हतं. त्यांना मी दोष देत नाही, पण त्या भीतीला श्रद्धा म्हणवत नाही. साने गुरुजींनी विठोबावर सोपवलं होतंच की, आणि उपासही धरला.

---

माणदेशी_लेक | शनिवार, रात्री ९.२०

सहा दिवस उत्तर दिलं नाही, क्षमा असावी. सगळं वाचत होते. काही प्रतिसाद दोन-तीनदा वाचले. निळी_पहाट, तुमच्या पणजीचे देव नदीत सोडणं डोळ्यांसमोरून हलत नाही. नगरची_सून, सोळाव्या वचनावर मीही आहे.

गुरुवारी पुन्हा गावी गेले होते. जुना_सहकारी काकांनी सांगितल्याप्रमाणे ठेवपावती शोधत होते. ट्रंक पाहिली, फडताळ पाहिलं, वडिलांच्या शाळेच्या फायली पाहिल्या. नाही सापडली. शेवटी आईला विचारलं. ती उठली आणि खुंटीवरची त्यांची वारीची पडशी काढली. आत पंचा, टाळ, हरिपाठाची पोथी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेली पावती. घड्यांवर इतकी विरलेली की उलगडायची भीती वाटावी.

मी म्हटलं, ही इथे कशी? आई म्हणाली, संस्था बंद पडल्यापासून ते दर एकादशीला ही घेऊन जायचे. दर्शनाला रांगेत उभे राहिले की पडशीतून काढून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायचे. पायावर डोकं ठेवून झालं की खिशावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे, मागचे लोक ढकलेपर्यंत. एकदा आईने विचारलं, देवाला काय मागता? तर म्हणाले, मागत काही नाही, दाखवून येतो. त्याच्या राज्यात झालंय, त्याला ठाऊक असू दे.

अंथरूण धरेपर्यंत, दर महिन्याला.

मला वाटत होतं त्यांनी सोडून दिलं. त्यांनी काहीच सोडलं नव्हतं. गोदाकाठ, तुमचा तो ‘जिमेदार’ शब्द मी आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण परत एकदा वाच म्हणाली.

पंचक्रोशीतून आतापर्यंत सतरा ठेवीदार जमलेत. त्यात दोन विधवा आहेत आणि एक हमाल आहे, त्याने लेकीच्या लग्नासाठी एक लाख दहा हजार ठेवले होते. सोमवारी साडेदहाला सगळे जिल्हा उपनिबंधक कार्यालयात भेटणार आहोत. शेवंता, तुम्ही तयार केलेला अर्ज सगळ्यांना वाचून दाखवला. येत्या एकादशीला मी आईबरोबर पंढरपूरला जाणार आहे. दर्शन घेईन की नाही माहीत नाही. महाद्वारापर्यंत तरी नक्की जाईन.

पावती लॅमिनेट करून घ्यावी म्हणत होते. आई म्हणाली, नको, त्यांच्या हातच्या घड्या तशाच राहू देत.

---

जुना_सहकारी | शनिवार, रात्री ९.५०

बरोबर आहे, लॅमिनेट करू नका, मूळ कागदाची तपासणी लागली तर अडचण होते. उलगडून दोन्ही बाजूंच्या चार रंगीत झेरॉक्स काढा. मूळ पावती कुणी कितीही मागितली तरी टेबलावर सोडून येऊ नका, दाखवा आणि परत घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. पोच मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.